स्लॉश: केबेक शहराचा विस्मृतीत गेलेला बँड आणि त्याच्या दोन तबकड्या

हिमखडी (मूळ लेख)

मार्च महिन्यात कॅनडातल्या केबेक शहराच्या रस्त्यांच्या कडेला जे साचतं त्याला बर्फ म्हणणं जिवावर येतं. अर्धवट वितळलेला, मीठ आणि वाळू मिसळलेला, गाड्यांच्या चाकांनी घोटलेला करडा रेंदा. बुटाच्या शिवणीतून आत शिरतो आणि मोजा ओला करतो. इंग्रजीतला 'स्लश' हा शब्द इथल्या फ्रेंच बोलणाऱ्यांनी आपल्या जिभेवर घोळवून 'स्लॉश' केला, लिहायलाही लागले तसाच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला याच शहरातल्या काही तरुणांनी आपल्या रॉक बँडचं नाव तेच ठेवलं.

स्लॉशच्या दोनच एलपी निघाल्या, दोन्ही आरसीए या रेकॉर्ड कंपनीकडून. १९७५ साली 'जं अय' आणि १९७६ साली 'स्टाडाकोने'. तिसरी निघालीच नाही.

या तबकड्या माझ्यापर्यंत कशा आल्या ते सांगते. केबेक प्रांतात बहुतेक भाडेकरार ३० जूनला संपतात आणि १ जुलैला अख्खा प्रांत घर बदलत असतो. जिने उतरणारी कपाटं, फुटपाथवर सोडून दिलेले सोफे, कुणीही उचलून न्यावीत अशी पुस्तकांची खोकी. तीन वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा लेकीकडे राहायला निघाले. त्यांची खोकी खाली आणायला आम्ही हात लावला. शेवटच्या फेरीला त्यांनी माझ्या हातात दोन एलपी ठेवल्या आणि म्हणाले, "हे इथलेच. आमच्या गावचे." तोवर मी या गावात तीन वर्षं काढली होती आणि हे नाव एकदाही कानावर आलं नव्हतं.

'जं अय' हे नाव व्याकरणात बसत नाही. 'ज' म्हणजे मी, 'अं अय' म्हणजे एक डोळा. मधलं क्रियापदच गायब. 'मी-एक-डोळा' असं काहीसं. आत पाच रचना आहेत. पहिलीचं नाव 'स'पा फँ द्यु मोंद', बोलीतला तोकडा केलेला वाक्प्रचार. मराठीत मी त्याला 'काही आभाळ कोसळत नाही' म्हणेन. शेवटचीचं नाव 'पोताज ओ झेर्ब दुतझ', म्हणजे शंकास्पद पाल्याचं सार. कुठला पाला ते त्या दशकात कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

दुसरी रचना 'ल कारेम देरोस' साधारण अकरा मिनिटांची. कारेम म्हणजे ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवास आणि एरोस म्हणजे ग्रीकांचा कामदेव. एकूण नाव झालं 'कामदेवाचा उपवास'. स्पेलिंगही मुद्दाम बिघडवलेलं, 'सी' च्या जागी 'के'. १९६० पर्यंत जिथल्या शाळा आणि इस्पितळं चर्चच्या हातात होती त्या कॅथलिक समाजातल्या पोरांनी हे नाव ठेवलंय, हे ध्यानात घेतलं की त्यातलं धाडस कळतं. सुरुवातीला नुसता पियानो. रेझाँ याकोला वाजवतो. हा रॉक बँड आहे हे विसरायला होतं इतका वेळ तो एकटाच चालत राहतो, मध्ये थबकतो, एका वळणाकडे पुन्हा येतो. माझ्या प्रतीवर इथे बारीक खरखर आहे आणि त्या खरखरीसकट ते मला पाठ झालंय. मग बाकीचे येतात आणि खोलीतली हवा बदलते.

या बँडचा कणा म्हणजे दोन कीबोर्डवाले, याकोला आणि मार्तँ म्युरे. म्युरे सॅक्सोफोनही वाजवतो. गिटार कारोल बेरार, बास पिएर एबेर. ड्रमवर पहिल्या तबकडीत जिल शियासों, दुसरीत आंद्रे रोबेर्ज. हॅमंड ऑर्गन, फेंडर ऱ्होड्स, क्लॅव्हिनेट, मिनीमूग ही सगळी त्या काळची कीबोर्डची यंत्रं इथे आहेत, पण एकानं सूर धरायचा आणि दुसऱ्यानं ताना घ्यायच्या अशी वाटणी नाही. एकाचं वाक्य दुसरा मधेच उचलतो आणि कुठे उचललं ते तिसऱ्यांदा ऐकल्यावर लक्षात येतं. गाणं कमी, वाजवणं जास्त. आवाज येतात तेही बहुतेक मिळून येतात, एखादं वाद्य यावं तसे.

'स्टाडाकोने' जास्त चपळ आहे. बास पुढे आलाय, क्लॅव्हिनेट टोचतो, पाय आपोआप हलतो. आणि नावाकडे बघा. १५३५ साली फ्रेंच दर्यावर्दी झाक कार्तिए सेंट लॉरेन्स नदीतून वर आला तेव्हा आज केबेक शहर आहे तिथे इरोक्वॉ भाषा बोलणाऱ्या लोकांचं एक गाव होतं, त्याचं नाव स्टाडाकोने. मुखिया दोन्नाकोना. त्याच्या दोन मुलांनी कार्तिएला वाट दाखवताना आपल्या गावाकडे बोट करून 'कनाता' म्हटलं. कनाता म्हणजे वस्ती, गाव. त्यावरून पुढे एका अख्ख्या देशाचं नाव पडलं. त्या हिवाळ्यात कार्तिएचे खलाशी स्कर्व्हीनं पटापट मरायला लागले तेव्हा एका झाडाच्या पाल्याचा आणि सालीचा काढा याच लोकांनी शिकवला. पुढच्या वर्षी कार्तिएनं दोन्नाकोनाला पकडून फ्रान्सला नेलं आणि तो तिथेच वारला. १६०८ मध्ये शांप्लँ या दुसऱ्या फ्रेंच माणसानं शहर वसवलं तेव्हा स्टाडाकोने उरलंच नव्हतं.

फ्रेंच बोलणाऱ्या पोरांनी आपल्या तबकडीवर ते पुसलेलं नाव लिहिलं. पहिल्याच रचनेला, दहा मिनिटांच्या. त्यात एक शब्द गायलेला नसला तरी मला ते पुरेसं बोलकं वाटतं.

हे का विसरले गेले, यावर माझं मत असं. १९७६ च्या नोव्हेंबरात स्वतंत्र केबेक मागणारा पार्ती केबेक्वा हा पक्ष निवडून आला, पुढच्या ऑगस्टमध्ये फ्रेंच भाषेचा कायदा झाला. त्या सगळ्या वर्षांत लोकांना ओठांवर घोळवता येतील असे शब्द हवे होते. ज्यांच्या गाण्यात शब्द होते ते लोकांच्या आठवणीत घर करून राहिले. शब्दांविना वाजवणारे बाजूला पडले.

तुमच्यापैकी कुणी ऐकलंय का हे? लिहा.

---

पिंगळा

लेख दोनदा वाचला. स्लॉश ऐकलेले नाहीत, आता ऐकणार. पण आरसीएचं नाव आलं म्हणून एक धागा जोडतो, आम्हा जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांना तो जवळचा आहे.

सपाट तबकडी आणि ग्रामोफोन ज्यानं आणला तो एमिल बर्लिनर. अमेरिकेत खटल्यांमुळे त्याचा धंदा अडला तेव्हा त्यानं माँट्रियलला कंपनी काढली आणि कर्ण्यात डोकावणाऱ्या कुत्र्याचं बोधचिन्ह १९०० साली कॅनडात नोंदवलं. ती कंपनी १९२४ मध्ये अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीकडे गेली आणि १९२९ मध्ये व्हिक्टर आरसीएकडे. माँट्रियलच्या सेंट हेन्री भागातल्या त्या जुन्या कारखान्यात आज बर्लिनरच्या नावाचं संग्रहालय आहे.

तेच कुत्रं आपल्याकडे एचएमव्हीच्या लेबलवर बसून आलं. माझ्या आजोबांच्या कपाटातल्या नाट्यपदांच्या लाखेच्या तबकड्या कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात छापलेल्या आहेत. म्हणजे हिमखडीताई, तुमच्या आजोबांची एलपी आणि माझ्या आजोबांची नाट्यपदं एकाच माणसाच्या पेटंटाची नातवंडं. फार बरं वाटलं हे लिहिताना.

---

सातवी_मात्रा

मी स्लॉश ऐकलाय आणि मूळ लेखातल्या शेवटच्या मताशी सहमत नाही.

शब्द नव्हते म्हणून विसरले, हे पटत नाही. माँट्रियलचा मानेझ हा बँड बघा. तोही जवळजवळ पूर्ण वाद्यांचाच. व्हायब्राफोन, झायलोफोन, बासरी. १९७५ मध्ये एकाच वर्षात त्यांच्या दोन एलपी आल्या आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते रेकॉर्ड काढत राहिले. उलट ज्यांच्याकडे शब्द होते ते पोलन एका एलपीवर थांबले, १९७६. कोंत्राक्सियोंकडे क्रिस्तियान रोबिशोसारखी गायिका होती, त्यांच्याही दोनच.

माझ्या मते कारण साधं आहे. केबेकची त्या वेळची लोकसंख्या साठ लाखांच्या थोडी वर. १९७१ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात पाच कोटी लोक होते, म्हणजे अंदाज येईल. एवढ्याशा बाजारात त्या दोन-तीन वर्षांत अवघड संगीत वाजवणारे डझनभर बँड एकदम उभे राहिले. ऑक्टोब्र, ओप्यु-सँक, एत सेतेरा, मोर्स कोड... सगळ्यांना पुरेल इतका श्रोता आणायचा कुठून? आणि स्लॉश केबेक शहरातले, प्रांताच्या राजधानीतले. स्टुडिओ, वर्तमानपत्रं, मोठी रेडिओ केंद्रं माँट्रियलमध्ये. अडीच तासांचं अंतर, पण या धंद्यात ते फार होतं.

बाकी संगीताबद्दल जे लिहिलंय ते शंभर टक्के. मला त्यात जेंटल जायंट या ब्रिटिश बँडची कोडी आणि जॉन मॅक्लॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राची धाव दोन्ही ऐकू येतात. मी तबला शिकलोय. पहिल्यांदा ऐकताना बोटांवर मात्रा मोजायला घेतल्या, दोन आवर्तनं जमली, तिसऱ्याला सम हुकली. शेवटी मोजणं सोडलं आणि मग रचना उलगडली.

---

हिमखडी

सातवी_मात्रा, मानेझचं उदाहरण बिनतोड आहे. माझं म्हणणं तेवढं सरसकट मांडायला नको होतं. माँट्रियलपासूनच्या अंतराचा मुद्दा मला इथे राहून जास्तच पटतो. इथला माणूस आजही 'माँट्रियलवाले' हा शब्द जरा वेगळ्या स्वरात उच्चारतो.

पिंगळाकाका, 'पेटंटाची नातवंडं' हे मी आजोबांना फोनवर सांगणार आहे.

---

भैरव_पहाट

महाविष्णूचा उल्लेख आला म्हणून सांगावंसं वाटतं. जॉन मॅक्लॉफ्लिननं झाकीरभाई आणि एल. शंकर यांच्याबरोबर 'शक्ती'ची पहिली मैफल ध्वनिमुद्रित केली ती ५ जुलै १९७५ रोजी. म्हणजे 'जं अय' ज्या वर्षी आली तेच वर्ष. रॉक, जॅझ आणि आपलं संगीत यांच्यामधल्या भिंती जगभर एकदम पातळ झाल्या होत्या. शक्तीबद्दल आपण भरभरून बोलतो कारण तिथे आपली माणसं होती. त्याच वेळी जगाच्या दुसऱ्या कोपऱ्यात कोण काय करून बघत होतं, हे अशा लेखांतून कळतं.

एक शंका: उच्चार 'केबेक' की 'क्वेबेक'? मराठी वर्तमानपत्रांत दोन्ही दिसतात.

---

केतकी_पानसुपारी

भैरव_पहाट, तिथले लोक 'केबेक' म्हणतात. 'क्व' फ्रेंचमध्ये नाही तिथे. मूळ शब्द अल्गाँक्विन भाषेतला, अर्थ 'जिथे नदी अरुंद होते ती जागा'. केबेकच्या टेकडीवरून खाली बघितलं की कळतं.

मी फ्रेंच शिकवते, म्हणून नावांबद्दल थोडं. ही नावं पुस्तकी फ्रेंचमध्ये नाहीत, केबेकच्या बोलीत आहेत. तिथल्या कामगारांच्या बोलीला 'ज्वाल' म्हणत. 'शवाल' म्हणजे घोडा, त्याचा तिथला उच्चार 'ज्वाल', आणि त्यावरून अख्ख्या बोलीला हिणवायला हे नाव ठेवलं गेलं. साठच्या दशकात लेखकांनी आणि गायकांनी तेच नाव अभिमानानं उचललं. 'स'पा फँ द्यु मोंद' मध्ये नकाराचा अर्धा भाग गाळलाय, 'जगाचा' शेवट म्हणताना 'शेवट' शब्दाचं उपपदही गाळलंय. पॅरिसच्या मास्तरांनी लाल रेघ मारली असती. मी वर्गात हे नाव फळ्यावर लिहिते. मुलांना सांगते की आपण 'कुठं चाललास' ऐवजी 'कुटं चाल्लास' असं जसंच्या तसं लिहिलं तर कागदावर माणूस उभा राहतो ना, तसंच हे.

'स्टाडाकोने'तली शेवटची रचना 'इझाकारों'. कंसात पुस्ती जोडलेली आहे, 'किंवा कामवासनेचा राक्षस'. हे नाव हवेतून आलेलं नाही. १६३४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लुदँ गावच्या मठात जोगिणींच्या अंगात भुतं आल्याचा मोठा गाजावाजा झाला आणि एका पाद्र्याला जिवंत जाळलं गेलं. तिथल्या मठप्रमुख बाईच्या अंगात ज्या राक्षसांची नावं घेतली गेली त्यातला हा एक. पहिल्या तबकडीत कामदेवाचा उपवास, दुसरीच्या शेवटी हा. मला हा योगायोग वाटत नाही.

---

रुळावरचा_दगड

वा, केतकीताई. अंगावर काटा आला.

मी पुण्यात असतो. या मूळ एलपी मिळतील का? डिस्कॉग्ज या रेकॉर्ड विकणाऱ्या संकेतस्थळावर बघितलं तर पाठवणावळच रेकॉर्डपेक्षा जास्त दिसतेय. जुन्या बाजारात तर फ्रेंच काही दिसतच नाही, चुकून आलं तरी ऑर्केस्ट्राची नाचगाणी. गेल्या वर्षी एका विक्रेत्याकडून परदेशातून दुसऱ्याच एका बँडची एलपी मागवली होती. 'उत्तम स्थितीत' असं लिहिलेलं आणि प्रत्यक्षात तबकडी ताटलीसारखी वाकलेली. सुई होडीसारखी वरखाली होत होती. तेव्हापासून हिंमत होत नाही.

---

पिंगळा

रुळावरचा_दगड, तुमचं दुःख कळतं. चार गोष्टी सांगतो, माझ्या हातून चुका होऊन शिकलेल्या.

विकणाऱ्याकडे फोटो मागा, पण समोरून नाही. तबकडी फिरत्या ताटावर ठेवून डोळ्यांच्या पातळीवरून काढलेला, किंवा सरळ फिरतानाचा छोटा व्हिडिओ. वाकडेपणा त्यातच दिसतो. दुसरं, लेबलच्या कडेला जी मोकळी गुळगुळीत पट्टी असते तिथे कोरलेले आकडे विचारा. पहिली छपाई की नंतरची ते त्यावरून ठरतं. तिसरं, त्या काळात आरसीएनं पातळ, लवचीक तबकड्या काढल्या होत्या, 'डायनाफ्लेक्स' म्हणायचे. हातात धरली की लवते म्हणून ती खराब असं समजू नका. पण अशी तबकडी उन्हात किंवा दुसऱ्या रेकॉर्डांच्या वजनाखाली आडवी ठेवली की गेलीच. उभी ठेवा, घट्ट कोंबू नका.

आणि आल्यावर लगेच वाजवू नका. डिस्टिल्ड वॉटर, मऊ मायक्रोफायबर, चऱ्यांच्या दिशेनं गोल. पन्नास वर्षांची धूळ असते. ती सुईनं दाबून आत बसवली की कायमची.

---

हिमखडी

काका, माझ्या दोन्ही तबकड्या लवतात! मी दोन वर्षं समजत होते की काहीतरी बिघडलंय.

रुळावरचा_दगड, मूळ प्रतींच्या मागे लागायलाच हवं असं नाही. प्रॉगकेबेक नावाच्या एका छोट्या लेबलनं या काळातल्या केबेकच्या बऱ्याच बँडांचं काम सीडीवर परत आणलं, स्लॉशचंही. आधी ते ऐका. आवडलं तर मग तबकडी शोधा. एक मात्र करा, दोन रचना मधूनच उचलून ऐकू नका. एक अख्खी बाजू ऐका, वीस मिनिटं. 'ल कारेम देरोस' मधला पियानो सुरू असताना फोन बघितलात तर पुढचं सगळं हातून जाईल.

---

नदीकाठचा_वड

उशिरा आलो धाग्यावर. थोडा विरोधी सूर.

स्लॉश दर्जेदार आहेत, वाद नाही. पण 'दुर्लक्षित' म्हणताना आर्मोनियोंचा विचार करा. सेर्ज फियोरीचा बँड, १९७५ ची त्यांची पाचव्या ऋतूची तबकडी, १९७६ ची 'लेप्ताद' ही जोड-एलपी ऑर्केस्ट्रासकट. केबेकमध्ये घरोघरी. आणि केबेकची सीमा ओलांडली की? भारतात सोडाच, टोरोंटोत माझ्या बरोबरीच्या सहकाऱ्यांपैकी एकालाही नाव माहीत नव्हतं. गेल्या वर्षी, २०२५ च्या २४ जूनला, म्हणजे नेमक्या सेंट-जाँ-बातिस्तच्या दिवशी, केबेकच्या राष्ट्रीय सणाला फियोरी गेले. प्रांत हळहळला. माझ्या ऑफिसात त्यावर एक शब्द निघाला नाही. अख्ख्या केबेकला जो गायक देव वाटतो त्याचं नाव शेजारच्या प्रांतात कुणाला माहीत नसावं, हा अनुभव आपल्याला नवा नाही, पण इथे तो फार जवळून बघितला.

म्हणून मला वाटतं स्लॉशचं विस्मरण दुहेरी आहे. भाषेच्या भिंतीबाहेर तर ते नव्हतेच, भिंतीच्या आतही आर्मोनियोंच्या सावलीत राहिले.

---

हिमखडी

नदीकाठचा_वड, 'दुहेरी विस्मरण' हे अगदी नेमकं.

फियोरी गेले त्या संध्याकाळी मी इथल्या प्लेन्स ऑफ अब्राहम या मोठ्या मैदानाच्या बाजूनं चालत घरी येत होते. सणाचा दिवस, निळेपांढरे झेंडे सगळीकडे. एका बाल्कनीतून पाचव्या ऋतूची तबकडी मोठ्यानं लावलेली. खाली रस्त्यावर माणसं थांबून ऐकत होती, कुणी बोलत नव्हतं. एक बाई सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओठ हलवत होती. तेव्हा शब्दांचं सामर्थ्य मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून मूळ लेखात तसं लिहिलं गेलं.

---

सातवी_मात्रा

हे वाचून मी माझा विरोध अर्धा मागे घेतो.

---

रुळावरचा_दगड

काल रात्री ऐकलं. सांगितलं तसं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पियानो संपता संपता आई दारात येऊन उभी राहिली. तिचा रॉकशी संबंध नाही, ती जुनं नाट्यसंगीत ऐकते. म्हणाली, "हा थांबतोय कुठे ते बघ, घाई नाही त्याला." मग बाकीची वाद्यं एकदम आली तेव्हा दचकली आणि तरी बसली. संपूर्ण ऐकून गेली.

सकाळी विचारत होती, त्या पेटीवाल्याचं नाव काय.

---

हिमखडी

रेझाँ याकोला. आईंना सांगा.

काल वरच्या मजल्यावरच्या आजोबांशी बोलले. इथे महाराष्ट्रातले लोक त्यांच्या गावच्या बँडवर चर्चा करताहेत हे सांगितल्यावर आधी त्यांना खरं वाटेना. मग विचारलं, "कुठली बाजू आवडली?" मी म्हटलं, मतभेद आहेत. त्यांनी 'स्टाडाकोने'ची पहिली बाजू असं ठामपणे सांगितलं आणि फोनवरच बासचा तो तुकडा तोंडानं वाजवून दाखवला. अजून अचूक आहे.

---

केतकी_पानसुपारी

पुढच्या महिन्यात माझ्या वर्गात 'जं अय'मधली पाच नावं फळ्यावर लिहिणार आणि मुलांना मराठीत करायला देणार. 'शंकास्पद पाल्याचं सार' घेतलंय मी, बाकी चार मोकळी आहेत. जमली की इथे टाकते.